कोयता घरी ठेवून

आम्ही डोंगरीच्या बायका बोलतोय. भाईंदर स्टेशनातून पश्चिमेला उत्तनची बस धरली की राई, मुर्धा, मोर्वा ही गावं मागे पडतात आणि उत्तनच्या अलीकडे आमचं गाव लागतं. हिशेबाला आम्ही महानगरपालिकेत येतो, पण गाव ते गावच. बचत गटात आग्र्यांच्या बायका आहेत, कोळणी आहेत, ख्रिस्ती घरांतल्या आहेत. आणि गावाच्या पाठीशी डोंगर आहे. आज त्या डोंगराविषयीच बोलायचंय. खरं तर, त्यावर नुसतं फिरायला जाण्याविषयी.

सुरुवात झाली एका फोटोवरून. आमच्यातल्या एकीची मुलगी इंग्लंडात शेफील्डला नर्स आहे. सुट्टी मिळाली की शनिवार-रविवारी ती मैत्रिणींबरोबर जवळच्या डोंगरात चालायला जाते. फेब्रुवारीत तिकडे थंडी सरत आलेली असते, पण पाऊस, वारा, घोट्यापर्यंत चिखल, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार. तिने चिखलाने माखलेल्या बुटांचा फोटो पाठवला. आईने फोनवर विचारलं, "एवढ्या चिखलात काय आणायला जातेस गं?" ती म्हणाली, "काही नाही आणायला. चालायला."

गटाच्या बैठकीत हे ऐकून आम्ही आधी हसलो. मग एकीने विचारलं, "आपण शेवटचं डोंगरावर कधी गेलो?" कुणी म्हणाली लाकडं आणायला, लग्नाआधी. कुणी म्हणाली करवंदं काढायला, पोरं लहान होती तेव्हा. गॅस आला आणि डोंगर सुटला. रिकाम्या हाताने, काही आणायचं नाही म्हणून गेलेली आमच्यात एकही नव्हती.

मग संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी निघायचं ठरलं. पंधराजणींनी होकार दिला आणि आल्या सात. पहाटे साडेसहाला, अजून धड दिसत नव्हतं. एक काकी कमरेला कोयता आणि हातात दोरी घेऊन आल्या. "अगो, रिकाम्या हाताने कसं जायचं? लोक काय म्हणतील?" लोकांनी विचारलंच. वाटेवर दूधवाला भेटला. "काय, लाकडाला?" आम्ही म्हटलं, "नाही, फिरायला." तो सायकलवरून दोनदा वळून बघत गेला. येताना काकींनी मोळी आणलीच, आणि आम्ही आळीपाळीने ती डोक्यावर घेतली. घरी गॅसच्या दोन टाक्या असताना!

चालण्याविषयी जे शिकलो ते सांगतो. माघात आपल्याकडे पहाटे दव असतं, गवताची वाट निसरडी होते. चपलेचा अंगठा पहिल्याच दिवशी दोघींचा तुटला. आता बऱ्याचजणी मुलांचे शाळेचे जुने कॅनव्हासचे बूट घालतात. साडीवर बूट शोभत नाहीत, पण डोंगरावर बघायला येतंय कोण? साडेनऊनंतर मात्र ऊन चढतं. दुसऱ्या रविवारी निघायला उशीर झाला आणि उतरताना एकीला घेरी आली. तिला साखर आहे आणि ती उपाशीपोटी आली होती. सावलीत बसवलं, गूळ दिला, तासभर थांबलो. तेव्हापासून साखरेच्या बायकांनी आधी काहीतरी खाऊन, गोळी डॉक्टरांनी सांगितलीय तशी घेऊनच यायचं, आणि प्रत्येकीच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे असायचेच.

आणखी एक गोष्ट रेडिओवर बोलावी की नाही याची चर्चा झाली. बोलायचंच ठरलं. आमच्यातल्या निम्म्याजणी पाणीच पीत नव्हत्या. का, तर लघवीला कुठे जायचं! मग नियम केला. वर एक मोठा खडक आहे, त्याच्या अलीकडे सगळ्या थांबणार, एकेक जण पलीकडे जाणार, दोघी वाटेवर उभ्या राहणार. एवढं साधं, पण ते ठरेपर्यंत पाणी प्यायलंच जात नव्हतं. आता प्रत्येकीकडे एक लिटरची बाटली असते आणि ती रिकामी होऊन येते.

वर पोचलं की समोर खाडी आणि समुद्र. पलीकडे वसई. 1739 साली मराठ्यांनी इकडचा धारावीचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगीजांनी सोडला, हे शाळेत शिकलो होतो. पण हा किल्ला का हवा होता ते इथे वर उभं राहिल्यावर समजतं. खाडीच्या तोंडातून आत काय येतंय ते सगळं दिसतं. उत्तनच्या बाजूला वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. वारा तिकडचा असेल तर वासानेच कळतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 2025 साली मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीच्या डोंगरावरची बारा हजारांहून जास्त झाडं तोडण्याची नोटीस निघाली. ही कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्व्याकडे व्हायची होती, तिथल्या लोकांचा विरोध झाला आणि ती आमच्याकडे आली. मेट्रो आम्हालाही हवी आहे. भाईंदरहून लोकलमध्ये चढणं म्हणजे काय ते आमच्या पोरींना विचारा. पण बारा हजार झाडं! शहरी भागात झाडं तोडायची तर 1975 च्या कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. गावाने हरकती दिल्या. आम्हीही कागद घेऊन बसलो. "झाडे तोडू नयेत ही विनंती" एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. कुठली झाडं? कुठे आहेत? फळाला कधी येतात, कोण खातं? एवढी वर्षं डोंगराखाली राहून आम्हाला चार ओळी भरता येईनात. तेव्हा फार लाज वाटली.

म्हणून तिसऱ्या रविवारपासून वही बरोबर आली. आणि कोयतेवाल्या काकींचं महत्त्व आम्हाला तिथे कळलं. आम्ही लांबून लाल फुलं बघून "पळस, पळस" करत होतो. काकी म्हणाल्या, "पळस कुठला? जवळ जाऊन बघा." एक सावर होती, एक पांगारा. दोन्हीची पानं गळलेली, दोन्हीला काटे, दोन्ही लाल. पण सावरीचं फूल जाड, वाटीसारखं, हातात घेतलं तर वजन लागतं. पांगाऱ्याचं लांबट, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं. पुढे उन्हाळ्यात सावरीची बोंडं फुटली की त्यांच्या कापसाच्या उशा करायचे, हे काकींनी सांगितलं. पळसही पुढे सापडला. त्याच्या पानांच्या पत्रावळी त्यांच्या लहानपणी घरीच लावायचे. करवंदीला पांढरी फुलं आली होती, बोरं संपत आली होती, आंब्याला मोहोर होता. कुठूनतरी तांबट पक्षी हातोडी मारल्यासारखा टुक-टुक करत होता. तो दिसला शेवटपर्यंत नाही.

त्या दिवशी वहीत सतरा नावं झाली. काकींनी कोयता मोहोराची खालची फांदी ओढून दाखवायला वापरला, मोळी बांधलीच नाही. पुढच्या रविवारी तो घरीच राहिला.

शेफील्डच्या मुलीला हे कळवलं तेव्हा तिने तिथली एक गोष्ट सांगितली. ती जिथे चालते त्याच भागात किंडर स्काउट नावाचं पठार आहे. पूर्वी ती जमीन धनवंतांनी शिकारीसाठी अडवून ठेवली होती. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना रविवार तेवढा मोकळा, आणि त्या दिवशी डोंगरावर जावं तर राखणदार हाकलून द्यायचे. 24 एप्रिल 1932 ला, रविवारीच, काहीशे तरुण मिळून मुद्दाम वर चढले. पाचजणांना तुरुंगवास झाला. 1951 साली तो प्रदेश इंग्लंड-वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि 2000 साली अशा मोकळ्या डोंगराळ जमिनीवर चालण्याचा हक्क कायद्यात आला. म्हणजे अडुसष्ट वर्षं लागली. काकी म्हणाल्या, "तोवर मी कुठली टिकते!" पण पुढच्या रविवारी सगळ्यात आधी त्याच आल्या.

घरून विरोध झाला का, असं गेल्या वेळी एका गटाने विचारलं होतं. झाला, पण सरळ नाही. "रविवारी घरात माणसं असतात आणि तू कुठे चाललीस?" एवढंच. रविवारी मासळी-मटण असतं, ते दुपारी व्हायला लागतं. ख्रिस्ती बायकांना मिसेला पोचायचं असतं. म्हणून नऊच्या आत परत हे आम्ही पाळतो. एकीच्या सासूबाई तीन आठवडे बोलत नव्हत्या. चौथ्या रविवारी त्या म्हणाल्या, "चिंचेपर्यंत येते, पुढे गुडघा नाही चालणार." चिंचेखाली त्या बसून राहतात, आमच्या पिशव्या सांभाळतात, आणि उतरताना वहीत काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावतात. दोन नावं त्यांनी चुकीची आहेत म्हणून खोडायला लावली. काकींचं आणि त्यांचं त्यावरून अजून वाजतंय.

वहीत आता एकेचाळीस नावं आहेत. प्रत्येकापुढे जागा लिहिली आहे, फूल कधी, फळ कधी, कोण काय वापरतं तेही. होळीपर्यंत अजून तीन रविवार आहेत, त्यानंतर ऊन सोसणार नाही. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी साडेसहाला चिंचेखाली यावं. खाऊन यावं. बूट, एक लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, डोक्याला रुमाल. पेन दोन आणा, एक नेहमी चालत नाही.