कोयत्याची मूठ

श्रोतेहो, कोयता हातांत कसा धरावा, हा काय आकाशवाणीवरून सांगावयाचा विषय झाला, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. पुणें शहरांत तर २०२२ च्या अखेरीपासून 'कोयता गँग' हे शब्द वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां वाचनांत आले आहेत कीं, कोयता म्हणजे दहशत, एवढाच अर्थ मुलांच्या मनांत ठसूं लागला आहे. परंतु कोयता हें मूळचें शस्त्र नव्हे. तें कष्टाचें अवजार आहे. मावळ-मुळशीकडील भातशेतकरी राबासाठीं झाडांचे टहाळ उतरवितो तो कोयत्यानें. आपल्या पेठांतील शहाळेंवाला शहाळें तासतो तोहि कोयत्यानेंच. बीडकडून साखर कारखान्यांवर ऊसतोडणीस जाणारें नवरा-बायकोचें जोडपें तर मुकादमाच्या हिशेबांत 'एक कोयता' म्हणूनच मोजलें जातें. ज्या अवजाराच्या नांवानें माणसांची गणती होते, तें धरावें कसें हें समजून घेण्यांत कमीपणा कसला?

जुन्या पुण्यांतील वाड्यांतून तांब्याचे बंब होते, आणि त्यांत घालावयाच्या ढलप्या फोडणें हें घरांतील मुलांचें नित्याचें काम होतें. थोरल्याचें पाहून धाकटा शिके. गॅस आला, बंब माळ्यावर गेले, आणि ही विद्याहि त्यांच्याबरोबर गेली. आज शहरांतील गृहस्थ सुटीच्या दिवशीं आपल्या शेतावर जातो, हौसेनें कोयता उचलतो, आणि त्याला तो धरावा कसा हें कोणींच सांगितलेलें नसतें. अशा वेळीं बोटांवर किंवा नडगीवर बेततें. म्हणून हें भाषण.

प्रथम कोयत्याची घडण पाहूं. त्याचें पातें मुठीकडे सरळ असून टोंकाकडे आंत वळलेलें असतें. या बाकामुळें फांदी निसटत नाहीं. वजनहि टोंकाकडे अधिक असतें. पात्याची निमुळती शेपटी लोहार तापवून लांकडी मुठींत ठोकतो, आणि मूठ फुटूं नये म्हणून तिच्या तोंडाशीं लोखंडी शेंबी घालतो. मुठीचें मागचें टोंक किंचित् फुगीर असतें, तें शोभेसाठीं नव्हे. करंगळीला अडून मूठ हातांतून निसटूं नये म्हणून.

आतां मुख्य मुद्दा. नवशिक्याची समजूत अशी असते कीं, जितकी मूठ घट्ट तितका घाव जोराचा. वस्तुतः उलट आहे. घावाची शक्ति वजनाच्या प्रमाणांत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ति चौपट होते. मूठ आवळून धरली म्हणजे मनगट ताठरतें, आणि ताठर मनगटानें वेग येत नाहीं. शिवाय प्रत्येक घावाचा हादरा थेट कोंपरापर्यंत जातो. तासाभरांत हात भरून येतो, आणि भरून आलेला हातच चुकतो. विसर्जनाच्या मिरवणुकींत ढोल वाजविणाराचें टिपरू पाहा. तो तें आवळून धरीत नाहीं, म्हणूनच तो तासन्‌तास वाजवूं शकतो.

मग धरावें कसें? कामापरत्वें तीन पकडी आहेत. पहिली पुढची पकड. शेंबीच्या लगत मूठ धरावी. ढलप्या काढणें, खुंटीला टोंक करणें, साल तासणें अशा बारीक कामास ही योग्य. येथें घाव आंखूड असतो, जोर थोडा व ताबा अधिक.

दुसरी मधली पकड. ही नेहमींच्या फांद्यांसाठीं. चारहि बोटें मुठीभोंवतीं वळवून अंगठा त्यांच्यावर आडवा ठेवावा. घाव घालतांना पात्याच्या पाठीवर अंगठा उभा टेकविण्याची कित्येकांस खोड असते. ती मोडावी, कारण सारा हादरा अंगठ्याच्या सांध्यावर येतो.

तिसरी मागची पकड. जाड लांकडासाठीं हात मुठीच्या फुगीर टोंकापर्यंत मागें घ्यावा. अंगठा, तर्जनी व मधलें बोट यांनीं मूठ पक्की धरावी, शेवटचीं दोन बोटें सैल सोडावीं. कोयता वर जातांना पातें आपोआप मागें कलतें. खालीं येतांना, पातें लांकडाला भिडण्याच्या क्षणींच, तीं दोन बोटें मिटावीं. मुठीचें मागचें टोंक तळहातांत ओढलें जातें आणि पातें पुढें झेपावतें. झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; येथें मात्र ती योग्य क्षणीं झांकली तरच तिला मोल आहे.

घाव पात्याच्या कोणत्या भागानें बसावा, हेंहि हातच सांगतो. अगदीं टोंकानें किंवा मुठीजवळ घाव बसला तर हाताला झिणझिण्या येतात; मधें अशी एक जागा आहे कीं, तेथें घाव बसल्यास हाताला कांहींच लागत नाहीं. चेंडूफळी खेळणारांस फळीवरील ही जागा ठाऊक असते. चारदोन हलके घाव घालून ती शोधावी.

आतां लांकडाविषयीं. आडव्या फांदीवर काटकोनांत घाव घातला तर पातें उसळतें किंवा रुतून बसतें. घाव तिरपा, सुमारें ४५ अंशांचा, एकदां उजवीकडून व एकदां डावीकडून घालावा, म्हणजे मधली ढलपी सुटून येते. अर्धी फांदी एका बाजूनें व उरलेली उलट बाजूनें तोडावी. खालीं ओंडका असावा, म्हणजे चुकलेला घाव लांकडांतच थांबेल. जमिनीलगत काम असल्यास गुडघे टेकून बसावें. उभ्यानें घातलेला घाव निसटला तर तो नडगीकडे येतो, बसून घातलेला जमिनीवर जातो. लहान लांकूड डाव्या हातानें धरून तोडूं नये. दुसऱ्या काठीनें दाबून ठेवावें. उभें फाडावयाचें असेल तर पातें माथ्यावर टेकवून पाठीवर लांकडी दांडक्यानें ठोकावें. लोखंडी हातोड्यानें नव्हे. कोयत्याची दोरी मनगटाला घट्ट बांधूं नये, कारण सुटलेलें पातें झोका घेऊन त्याच हातावर येतें. हात घामेजला कीं थांबावें, आणि मूठ हलूं लागली तर त्या दिवशीं कोयता खालीं ठेवून लोहाराकडे जावें.

राबाच्या मुलखांतील माणूस काम संपतांच कोयता कमरेमागच्या आकडींत अडकवितो. कर्नाटकांतील कोडगू प्रांतांतहि रुंद पात्याची ओडीकत्ती पाठीमागें धातूच्या आकड्यांत खोंवण्याची चाल आहे. दोहोंकडे तत्त्व एकच: काम नसतां पातें हातांत नको. शहरांत एवढें आणखी लक्षांत ठेवावें कीं, उभें झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यानें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

श्रोतेहो, पुढच्या वेळीं शहाळें घेतांना विक्रेत्याच्या हाताकडे क्षणभर पाहा. त्याचें मनगट किती सैल आहे, आणि पातें बरोबर कोठें थांबतें, तें मुलांनाहि दाखवा. कोयत्याचें नांव त्यांनीं प्रथम भीतीबरोबर ऐकलें असेल, तर तें कसबाबरोबरहि ऐकूं द्या. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.