कोरडा आठवडा



हवामानावर बोलणारा माणूस उभा राहिला की लोक वादळाची, ढगफुटीची वाट बघतात. मी आज बोलणार आहे दसरा-दिवाळीच्या मधल्या त्या आठवड्याबद्दल, ज्यात काहीच घडत नाही. 'हवामान कोरडे राहील, तापमानात मोठा बदल नाही' एवढ्या एका ओळीत अंदाज संपतो. वाहिन्यांना त्यात काही सापडत नाही, ते ठीकच. पण लातूर-धाराशिवकडच्या शेतकऱ्याचं वर्ष याच ओळीवर ठरतं.

मोसमी पाऊस परत निघतो तो पश्चिम राजस्थानातून. सरासरी तारीख १७ सप्टेंबर. १५ ऑक्टोबरपर्यंत तो देशातून गेलेला असतो. मागे हवेचा दाब वाढतो, वरची हवा खाली उतरताना तापते, ढग धरत नाहीत. हस्ताची ओल काळ्या रानात असते, वर मात्र उघडीप.

आता सोयाबीनकडे या. उन्हाचा चटका जास्त झाला तर उभ्या पिकाच्या शेंगा तडकून दाणे रानातच सांडतात. पाऊस आला तर गंजीतल्या शेंगांना कोंब फुटतात. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात 'क्यार' आणि लगेच 'महा' ही वादळं उठली, तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे नुसतं कोरडं नको, मवाळही हवं. त्यात गंमत अशी की आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन झपाट्याने निवते आणि दव पडतं. सकाळी गंजीत हात घाला; शेंग सादळलेली, चामट लागते, दाबली तरी फुटत नाही. दहा-अकरापर्यंत मळणी यंत्र नुसतं उभं. यंत्रवाला चहा पितो, मालक घड्याळ बघतो. उन्हं चढल्यावर तीच शेंग बोटाने दाबताच कटकन उलते. मग अंधार पडेपर्यंत कुणाला उसंत नाही.

तिकडे ज्वारीची पेरणी अडलेली असते. वाफसा आहे तोवर तिफण चालली पाहिजे, वरचा थर सुकला की बी उगवत नाही. एकाच आठवड्यात काढणीही आणि पेरणीही, मग मजूर मिळायचे कुठून? कापणीचं गुत्तं बॅगेवर ठरतं, म्हणजे बियाणं किती बॅगा पेरलं त्यावर. निरभ्र आकाशाबरोबर हे भावही वर जातात.

हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस'. दोन मिलिमीटरची सर येते, अख्खं घर ताडपत्री घेऊन पळतं, आणि नोंदीत तो दिवस पावसाचा धरला जात नाही! खात्याला दोष देत नाही मी; रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पण ती गंजीवरून ओढलेली नाही.

बाजारात आडत्या दाणा दाताखाली धरतो, मग ओलावा मोजायचं यंत्र लावतो. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत लागतो. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती मर्यादा १५ वर नेली होती. १५ टक्के ओलाव्याचा क्विंटलभर माल १२ वर आणला तर वजन भरतं साधारण ९६ किलो ६०० ग्रॅम. साडेतीन किलोंच्या आसपास घट. तरीही वाळवणंच परवडतं, कारण भाव कापला जातो तो सबंध क्विंटलवर. ज्याला दिवाळीसाठी पैसे आजच हवेत, त्याला ही चार उन्हं दाखवायला वेळ नसतो. कोरड्या आठवड्याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळतो असं म्हणणाऱ्याने एकदा या दिवसांत आडतीवर जाऊन बसावं.

परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. त्यात आपण पावसाचा रकाना बघतो, शून्य दिसलं की पुढे वाचत नाही. पुढच्या रकान्यांत सकाळची आर्द्रता असते. यंत्रवाल्याला पहाटेच बोलवायचं की अकरा वाजता, ते तिथे कळतं.