संकेतस्थळ आपलं, किल्ली कुणाची?

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात, इंदूर येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला ‘मंडळ आणि संगणक’ असा ऐसपैस विषय दिला होता. मी तो लहान करून घेतो. आपलं संकेतस्थळ दोन वर्षं धड चालत नव्हतं. कधी कार्यक्रमपत्रिका दिसायची नाही, कधी देणगीदारांच्या यादीतली जोडाक्षरं फुटायची, मोबाइलवर तर अर्धं पान पडद्याच्या बाहेर. असं का होत होतं आणि आता ते कशावर चालतं, एवढंच सांगणार आहे.

ज्या सॉफ्टवेअरवर आपण पानं बनवत होतो त्याचं नाव घेत नाही. नाव घेऊन आपलं पान परत येणार नाही. घेताना ते झकास वाटलं होतं. माउसने चित्र उचला, हवं तिथे ठेवा, खाली मजकूर टाका, झालं पान. पण तीस-चाळीस फोटो असलेलं पान उघडलं की ते न सांगता मिटायचं. जतन केलेली फाइल पुन्हा उघडली की ओळी सरकलेल्या. आपण न लिहिलेला कोड ते स्वतःच आत भरायचं. आणि एक दिवस बनवणाऱ्या कंपनीने ते बंदच केलं. आपली सगळी पानं त्यांच्या खास प्रकारच्या फाइलमध्ये, आणि ती फाइल दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर उघडत नाही. घर आपलं, कुलूप कंपनीचं, अशी गत.

हे आपल्याच नशिबी आलं असं समजू नका. एके काळी घरोघरी असलेलं फ्रंटपेज मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलं आणि २००६ मध्ये थांबवलं. त्याच्या जागी आलेलं एक्स्प्रेशन वेब २०१२ मध्ये फुकट वाटून टाकलं आणि तिथेच ती गोष्ट संपली. अडोबीचं म्यूझ २०१८ मध्ये थांबलं. ब्रॅकेट्स या एडिटरवरून अडोबीने २०२१ मध्ये हात काढला, तर गिटहबचा अ‍ॅटम २०२२ च्या डिसेंबरात मिटला. ड्रीमवीव्हर १९९७ पासून आहे, पण आता ते भाड्याने मिळतं. भाडं थांबलं की वापर थांबला. कंपनीने काय विकावं हा तिचा प्रश्न. आपला प्रश्न वेगळा आहे: त्यांचं दुकान बंद झालं म्हणून आपल्या मंडळाचा इतिहास का बंद पडावा?

गंमत अशी की टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संस्थेत जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचताही यायचं आणि लिहिताही यायचं. वाचणं आणि लिहिणं पुढे वेगळं झालं, आणि मधे ही ‘दिसेल तसंच होईल’ म्हणणारी सॉफ्टवेअर आली. ती बेभरवशाची का होतात याला कारण आहे. लग्नपत्रिका छापायची तर कागदाचं माप ठरलेलं असतं, त्यामुळे अक्षर कुठे बसेल हे छापखान्याला आधीच माहीत असतं. संकेतस्थळाच्या पानाला माप नसतं. तेच पान आजोबांच्या मोठ्या पडद्यावर आणि नातीच्या मोबाइलवर उघडायचं असतं. एचटीएमएल मुळात ‘हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी’ एवढंच सांगतं. मांडणी ब्राउझर करतो. आपण माउसने चित्र दोन बोटं उजवीकडे सरकवलं की सॉफ्टवेअरला अंदाज बांधावा लागतो, की या माणसाला म्हणायचंय तरी काय. तो अंदाज दर वेळी नवा कोड होऊन फाइलमध्ये साठतो. वर्डमध्ये मजकूर लिहून वेबपान म्हणून जतन केलेली फाइल कुणी कधी उघडून बघा. चार ओळींच्या निमंत्रणाला पानंच्या पानं कोड.

आता आपल्या खास दुखण्याकडे येतो, म्हणजे मराठीकडे.

आपल्या जुन्या स्मरणिका संगणकावर जुळवल्या तेव्हा युनिकोड वापरात नव्हतं. तेव्हाचे मराठी फाँट एक युक्ती करायचे. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असायचं, फाँट फक्त त्यावर ‘क’चं चित्र काढायचा. फाँट आहे तोवर मराठी; फाँट गेला की कचरा. असा मजकूर शोधूनही सापडत नाही. अमेरिकेत असलेल्या आपल्याच एका कुटुंबातल्या मुलीने पणजोबांचं नाव आपल्या संकेतस्थळावर शोधलं आणि काहीच आलं नाही. नाव तिथेच होतं, त्यांच्यावरचा पूर्ण पानाचा श्रद्धांजली लेखही होता. पण संगणकाच्या दृष्टीने ते नाव नव्हतंच, इंग्रजी अक्षरांची ओळ होती. संकेतस्थळ दुरुस्त करायचा आमचा हट्ट खरा तिथून सुरू झाला.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदल करणारी साधनं आहेत. ती नव्वद टक्के नव्हे, चांगली पंच्याण्णव टक्के कामं करतात असं कुणी म्हणेल, पण मला टक्केवारीत रस नाही. मला चुकतं काय त्यात रस आहे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. त्यामुळे अदलाबदलीत पहिल्यांदा मार बसतो तो वेलांटीला आणि रफाराला. ते संगणकाला कळत नाही, मराठी वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं. आपल्या ज्येष्ठ नागरिक गटातल्या पाच जणांनी चष्मे सावरून सगळ्या श्रद्धांजल्या तपासल्या. मी त्यांना ‘वेलांटी पथक’ म्हणतो.

मग नवं काय घ्यायचं? महिन्याच्या भाड्याची ऑनलाइन साधनं पाहिली. दिसायला सुरेख, पण उद्या सामान हलवायचं म्हटलं तर बरंच तिथेच राहतं. वर्डप्रेस पाहिलं. २००३ पासून आहे, मुक्त आहे, पण त्याला सतत अद्ययावत ठेवावं लागतं. आपल्याकडे तेवढं नियमित बसणारं माणूस नाही, आणि वर्षातून पंचवीस वेळा बदलणाऱ्या संकेतस्थळाला तो संसार जड आहे. फुकट मिळणाऱ्या दृश्य-संपादकांपैकी सीमंकीमधला कंपोझर बरा आहे, साध्या पानाला पुरतो. कोम्पोझर हे त्याच घराण्यातलं, पण कित्येक वर्षांत त्याची नवी आवृत्ती नाही. पुन्हा त्याच खड्ड्यात कोण जाणार?

शेवटी निघालो साध्या मजकूर-संपादकाकडे. नोटपॅड प्लस प्लस २००३ पासून आहे, मुक्त आहे, जुन्या संगणकावरही पळतं. आपली तरुण मंडळी व्हीएस कोड वापरतात. आमच्यातला एक जण व्हिमचा भक्त आहे. त्याचे कर्ते ब्राम मोलेनार २०२३ मध्ये वारले. ते वापरणाऱ्यांना पैसे मागायचे ते स्वतःसाठी नव्हे, युगांडातल्या मुलांसाठी. हे विषयाला सोडून झालं, पण सांगावंसं वाटलं. मुद्दा असा की तिघं तीन एडिटर वापरतात आणि फाइल एकच राहते. उद्या यातला एखादा बंद पडला तर चौथा घेऊ, पानाला पत्ताही लागणार नाही.

एडिटर निवडताना आम्ही एक परीक्षा घेतली. ‘कुऱ्हाड, ॲड., ज्ञान, हृदय, बाळ’ एवढं टंकायचं, जतन करायचं, बंद करून पुन्हा उघडायचं. कुठे प्रश्नचिन्ह किंवा चौकोन आला तर आधी जतन करण्याची पद्धत यूटीएफ-८ आहे का ते बघायचं. विंडोजचं जुनं नोटपॅड न सांगितल्यास दुसऱ्या पद्धतीने जतन करायचं, आणि मराठीची प्रश्नचिन्हं व्हायची. २०१९ च्या आवृत्तीपासून ते आपणहून यूटीएफ-८ घेतं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आपल्यासारख्या हिंदी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी तरी सोडू नये. पानाच्या सुरुवातीला भाषा लिहायची असते. तयार साचे तिथे इंग्रजी ठेवून देतात. तिथे ‘एमआर’, म्हणजे मराठी, लिहिलं तर ज्या फाँटमध्ये आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, तो फाँट ते दाखवतो. नाही तर हिंदी वळणाचे दिसतात. एका शब्दाचं काम आहे. आपण घरात भाजी आणायला जाताना हिंदी बोलतो, हरकत नाही. पण पाटीवरचा ‘ल’ आपला असावा.

संकेतस्थळ आता पूर्वीइतकं रंगीत नाही, अशी तक्रार माझ्याकडे आलेली आहे. खरी आहे. फिरणारा गणपती गेला, चमकणारी नावं गेली. त्या बदल्यात जिना चढू न शकणाऱ्या आजीबाई मोबाइलवर कार्यक्रमपत्रिका वाचतात, आणि सत्तरी ओलांडलेले आमचे माजी कोषाध्यक्ष देणगीची यादी स्वतः बदलतात. कोड त्यांना येत नाही. दोन खुणांच्या मधलं नाव बदलायचं, एवढं त्यांना येतं आणि तेवढं पुरतं.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे की संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी मंडळाच्याच नावावर असावी, कुणा उत्साही सभासदाच्या नव्हे, माझ्याही नव्हे. परवलीचे शब्द लखोट्यात घालून दप्तराच्या कपाटात ठेवावेत. सगळ्या पानांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्याच्या घरी असावी. नूतनीकरणाची तारीख वर्गणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहावी, कारण ती वही आपल्याकडे नक्की उघडली जाते.

२००१ ते २००४ च्या चार स्मरणिका अजून जुन्या फाँटमध्येच आहेत. बदलून छापून ठेवल्या आहेत, तपासायच्या राहिल्या. विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयात बसणार आहे. चष्मा आणि लाल पेन घेऊन यावं. चहा-पोहे मंडळाकडून, शेव आपापली.