फडताळाचे अंतरंग

'फडताळ' हा शब्द आता मागे पडत चालला आहे. भिंतीतच पोकळी ठेवावी, तिला दोन लाकडी झडपा लावाव्यात, आणि आत लोणच्याच्या बरण्या, तुपाचे भांडे व मुलांच्या हाती लागू नये असा खाऊ ठेवावा, एवढा त्याचा विस्तार. त्याला रंग असलाच, तर तो बहुधा चुलीच्या धुराने दिलेला असे. आज त्याच्या जागी ओट्याच्या खाली-वर रंगविलेल्या कपाटांच्या रांगा आल्या आहेत. ती दिसतात सुरेख. परंतु ती करवून घेताना गृहस्थ आणि गृहिणी जो प्रश्न प्रथम विचारतात, तो वस्तुतः शेवटी विचारावयाचा असतो. 'रंग कोणता?' हा तो प्रश्न. 'रंगाखाली काय?' हे आधी ठरावयास हवे.

स्वयंपाकघर ही लाकडाची सत्त्वपरीक्षा घेणारी जागा आहे. वाफ, फोडणीचा तेलकट धूर, मोरीचे पाणी. शिवाय कोकणातील आषाढ-श्रावणाची ओल आणि दिल्ली-नागपूरकडील ग्रीष्माचा शुष्कपणा. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते, आणि त्याबरोबर रुंदीत फुगते व आकसते. लांबीत हा फरक नाममात्र असतो. म्हणून अस्सल लाकडाच्या झडपेवर एकसंध रंग दिला, की कालांतराने सांध्यांवर केसासारख्या भेगा उमटतात. त्यात रंगाऱ्याचा अपराध नसतो. साग तर या कामी घेऊच नये. त्याच्या अंगचे तेल रंगाला नीट धरू देत नाही; आणि ज्याचे सौंदर्य त्याच्या रेषांत आहे त्याच्यावर रंग चढविणे म्हणजे पैठणीचे अस्तर करण्यासारखे आहे.

प्लायवुडमध्ये पातळ पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटविलेले असतात. त्यामुळे एकाची हालचाल दुसरा रोखतो आणि फळी स्थिर राहते. परंतु सर्व प्लायवुड सारखे नव्हे. भारतीय मानक ७१० प्रमाणे सागरी प्रतीच्या प्लायवुडचा नमुना ७२ तास उकळून त्याचे चिकटकाम तपासले जाते. केवळ दमट हवा सोसणारी साधी प्रत मोरीखाली टिकत नाही. तथापि प्लायवुडच्या वरच्या पापुद्र्याच्या रेषा कालांतराने रंगातून डोकावतात. याउलट एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू राळेसह दाबून केलेली फळी, हिला रेषाच नाहीत; तिच्यावर रंग काचेसारखा बसतो. तिचे मर्मस्थान म्हणजे कापलेली कड. कड पाणी पिते, फुगते आणि पुन्हा पूर्वपदावर येत नाही. म्हणून कपाटाचा सांगाडा पाण्यास टिकणाऱ्या प्लायवुडचा आणि झडपा एमडीएफच्या, ही वाटणी शहाणपणाची ठरते. मोरीखाली मात्र एमडीएफला थारा देऊ नये. झडपेच्या कडांना अस्तराचे दोन हात द्यावेत, आणि आतली बाजूही बाहेरच्या इतकीच रंगवावी. एकच बाजू झाकली तर झडप वाकते.

आता रंगाविषयी. तेलाचा एनॅमल स्वस्त, कुंचल्याने देता येतो, टवका उडाला तर घरीच सुधारता येतो. पण पांढरा एनॅमल पिवळा पडतो, आणि तोही उजेडापेक्षा अंधारात अधिक. म्हणून मिटलेल्या कपाटाची आतली बाजू आधी पिवळी दिसू लागते. पाण्यात कालविलेल्या नव्या एनॅमलांत हा दोष पुष्कळ कमी असतो. 'ड्युको' हे मूळ ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीच्या, १९२३ साली मोटारगाड्यांसाठी निघालेल्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचे नाव; आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या अनेक रंगांना ते सरसकट चिकटले आहे. पॉलियुरेथेन हा दोन द्रव्ये मिसळून करावयाचा रंग सर्वांत कठीण व डाग न धरणारा. मात्र त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट फुफ्फुसांस अपायकारक असते. आपल्या कपाटाची चकाकी तोंडाला नुसता रुमाल बांधलेल्या माणसाच्या श्वासाच्या मोलाने येत नाही ना, हे पाहणे हा घरधन्याचाही धर्म आहे. योग्य मुखवटा आणि मोकळी हवा यांचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे.

चकाकीचा प्रश्न चवीचा तसाच हळदीचाही आहे. अगदी निस्तेज पृष्ठभाग तेल व हळद धरून ठेवतो; आरशासारखा पृष्ठभाग प्रत्येक उंचवटा उघडा करतो. रेशमी झाक हा मध्यममार्ग. साध्या ओल्या फडक्याने जो पृष्ठभाग पुसला जातो, तोच रोज ओट्यापाशी राबणाऱ्या हातांना सुखाचा.

जुनी कपाटे पुन्हा रंगविणाऱ्यांना एक इशारा देणे अगत्याचे आहे. घरगुती रंगांतील शिशाला आपल्या देशात दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते. असा रंग कोरडाच घासला, तर त्याची धूळ धान्यात, भांड्यांत आणि रांगत्या मुलाच्या बोटांवर जाते. तो ओला करून घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. नियम पुढच्या डब्यांचा बंदोबस्त करतो. दारावर आधीच बसलेल्या थराचा बंदोबस्त आपणच करावयाचा असतो.

पैसा मोजका असेल, आणि तो बहुतेकांकडे मोजकाच असतो, तर तो प्रथम सांगाड्यावर, बिजागऱ्यांवर आणि कडांच्या अस्तरावर खर्च करावा. मनपसंत छटेचा एक वीतभर तुकडा रंगवून घेऊन त्यावर हळदीचे बोट ओढावे, तो रात्रभर ठेवावा व सकाळी पुसून पाहावा. रंग चार वर्षांनी बदलता येतो. फुगलेली फळी बदलण्यासाठी सारे कपाटच उतरवावे लागते.