समुद्रातील मंदिर आणि गिरमिटियांचे त्रिनिदाद



पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते 1971 साली. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळविला तो याच शहरात, आणि सुनील गावस्करांनी कसोटी पदार्पण केले तेही त्याच सामन्यात. त्रिनिदादशी असलेला आपला परिचय बहुधा तेथेच थांबला. आता सुट्टीसाठी कॅरिबियनला जाणाऱ्या भारतीयांची संख्या वाढली आहे. पण पर्यटन कंपन्या त्यांना नेतात ती टोबॅगोच्या किनाऱ्यावर. निळे पाणी, नारळाची झाडे, चार दिवसांची विश्रांती आणि परत. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाची बेटाकडे पाठ असते, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

ज्याला बेट पाहायचे आहे त्याने पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या नेल्सन या चिमुकल्या बेटापासून आरंभ करावा. तेथील नॅशनल ट्रस्ट होडीने सहली नेते. पाहायला फारसे काही नाही. काही जुन्या दगडी इमारती आणि भोवती पारियाच्या आखाताचे पाणी. परंतु 1866 पासून भारतातून आलेल्या मजुरांना प्रथम उतरविले जाई ते येथे. येथे त्यांची वैद्यकीय तपासणी होई, प्रवासात आजारी पडलेल्यांना वेगळे ठेवले जाई आणि मग कोणाला कोणत्या उसाच्या मळ्यावर पाठवायचे हे ठरे.

हे लोक येथे का आले, हे समजल्याखेरीज त्रिनिदादमधील कोणत्याही देवळाचा वा पदार्थाचा अर्थ उलगडत नाही. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी 1834 साली कायद्याने संपली आणि 1838 मध्ये आफ्रिकी वंशाचे मजूर खऱ्या अर्थाने मुक्त झाले. ज्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसला तेथे मालकांच्या अटींवर राबण्यास त्यांनी नकार दिला, यात नवल ते काय? मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. ते त्यांनी भारतात शोधले. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसे घेऊन त्रिनिदादला पोहोचले. तीन महिन्यांहून अधिक काळाचा तो प्रवास होता. त्यानंतर 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 43 हजार भारतीय या बेटावर आले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले, काही मद्रासकडचे. पाच वर्षांचा करार, म्हणजे ‘ॲग्रीमेंट’. त्याचेच लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. परवान्यावाचून मळ्याबाहेर पाऊल टाकणाऱ्यास तुरुंग दाखविला जाई. ही पद्धत बंद करावी असा ठराव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1912 साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. मात्र वादळ शमले नाही आणि अखेर 1917 मध्ये ही भरती थांबली.

एकाच जहाजातून आलेले लोक परस्परांना ‘जहाजी भाई’ म्हणत. जातपात, पंक्तिभेद, गावकी हे सारे त्या प्रवासात ढिले झाले. ज्या पंगतीला घरी कोणी बसले नसते त्या पंगतीला येथे बसावे लागले. नव्या नात्यांचा हा पाया आपल्याकडील अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे.

बेटाच्या मध्य भागात वॉटरलू नावाचे गाव आहे. तेथील मंदिर किनाऱ्यावर नाही, समुद्रात आहे. शिवदास साधू नावाच्या मळ्यावरील एका मजुराने 1947 मध्ये किनाऱ्याजवळ एक लहानसे देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीच्या मालकीची होती. देऊळ पाडण्याचा हुकूम आला. साधूंनी ते पाडण्यास नकार दिला. 1952 मध्ये त्यांना 14 दिवसांचा तुरुंगवास व दंड झाला आणि देऊळ जमीनदोस्त करण्यात आले. सुटून आल्यावर त्यांनी कोर्टकचेरी केली नाही, कोणाच्या नावाने बोटे मोडली नाहीत. जमीन कंपनीची आहे ना? मग समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही! ओहोटीच्या वेळी चिखलातून सायकलवर आणि बादल्यांतून दगड, सिमेंट वाहून नेत त्यांनी भर टाकायला सुरुवात केली. भरतीचे पाणी केलेले काम वाहून नेई, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू होई. हे सुमारे पंचवीस वर्षे चालले. लाटांनी झिजलेले ते काम 1994 नंतर सरकारच्या साहाय्याने नव्याने उभे राहिले. 1995 साली भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली त्याच सुमारास हे घडले. किनाऱ्यापासून मंदिरापर्यंत आता बांधीव वाट आहे, शेजारी स्मशानभूमी आहे आणि साधूंचा पुतळाही. ज्या राज्यव्यवस्थेने त्या माणसाला तुरुंगात धाडले होते तिचेच वारस आज तेथे हार अर्पण करतात.

जवळच कारापिचायमा येथे दत्तात्रेयाचे मंदिर आहे आणि त्याच्या प्रांगणात 85 फूट उंच हनुमान. महाराष्ट्रातील दत्तभक्ताने थबकावे असे ते स्थान. मात्र मंदिराची घडण दाक्षिणात्य आहे, कारण त्यामागची प्रेरणा म्हैसूरच्या गुरुपरंपरेची. मध्य त्रिनिदादमध्ये फिरताना घरापुढे बांबूच्या उंच काठ्यांवर रंगीत झेंड्या फडकताना दिसतात. पूजा झाली की झेंडी लावायची, ही तेथील रीत.

याच ठिकाणी भारतीय पर्यटकाचा एक हमखास घोटाळा होतो. तो डोळ्यांत तराजू घेऊनच येतो. यांची हिंदी मोडकी, यांचे मंत्र चुकीचे, यांच्या पोळीला पोळीचा आकार नाही! तव्यावर उलथण्याने चुरलेल्या त्या पोळीला तेथे ‘बस-अप-शट’, म्हणजे फाटका सदरा, असेच नाव आहे. दोन मऊ बाऱ्यांमध्ये चण्याची उसळ भरून विकला जाणारा ‘डबल्स’ हा पदार्थ तर भारतात कोठेही मिळत नाही. तो 1930 च्या दशकात प्रिन्सेस टाऊनमध्ये जन्मला आणि आज आफ्रिकी वंशाचा त्रिनिदादी माणूसही सकाळी रस्त्यावर उभा राहून तोच खातो. भारताचा फिका पडलेला ठसा म्हणून याकडे पाहणे हा अन्याय आहे. ही त्या मातीत रुजलेली, त्या लोकांनी स्वतःच्या घामाने वाढवलेली गोष्ट आहे.

हा पूर्वग्रह केवळ आपल्याच लोकांचा नव्हे. सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांनी 1992 च्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ त्रिनिदादमधील फेलिसिटी गावच्या रामलीलेपासून केला. काहीतरी हरवल्याची खूण तेथे शोधायला आपण गेलो, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. प्रत्यक्षात त्यांना दिसली ती श्रद्धा आणि आनंद. बांबूच्या प्रतिमेभोवती धावणारी मुले नाटक करत नव्हती.

दक्षिणेकडील सान फर्नांडोला गेलेल्याने आणखी एक दिवस लक्षात ठेवावा. 30 ऑक्टोबर 1884 रोजी मोहरमच्या ताबुतांची, म्हणजे ‘होसे’ची मिरवणूक शहरात येऊ नये म्हणून गोळीबार झाला. अनेक माणसे मेली. त्या मिरवणुकीत हिंदू मजूरही होते. ताबूत खांद्यावर घेणारे आणि गोळी खाणारे हात एकाच मळ्यावरचे होते. त्याआधी 1881 मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांचा कानबुले उत्सव रोखताना सरकारशी झटापट झाली होती. पुढे ढोलांवर बंधने आली, तेव्हा लोकांनी बांबूवर ताल धरला आणि त्या परंपरेतूनच तेलाच्या पिंपांचे स्टीलपॅन हे वाद्य जन्मले. दोन समाजांमधील राजकीय चुरस तेथे आजही तीव्र आहे; तरी सत्तेपुढे आपला उत्सव जपण्याचा त्यांचा इतिहास मात्र शेजारी शेजारी चालला आहे.

पोर्ट ऑफ स्पेनच्या सरकारी अभिलेखागारात मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. पिढ्या उलटल्यानंतर नातवंडे-पणतवंडे तेथे येतात आणि पान शोधतात. नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, ठाणे, जिल्हा असे रकाने. कमला पर्साद-बिसेसर त्रिनिदादच्या पंतप्रधान असताना जानेवारी 2012 मध्ये बिहारमधील बक्सर जिल्ह्यातल्या भेलूपूर गावी गेल्या, ते पणजोबांचे गाव शोधतच. अनेकांना रकान्यातील गाव आज कोठे आहे ते सापडत नाही. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले ते नाव ते पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणून पाहतात.