आपले कागद आपल्या हाती

(न्यू जर्सी येथील मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी फराळाबरोबर एखादा उपयोगी विषयही पानात वाढावा, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. मी वकील नव्हे. लग्न करून इकडे आलेल्या मुलींबरोबर दुभाषी म्हणून वकिलांच्या कचेरीत बसण्याचे काम मी काही वर्षे करीत आले आहे. तेथे जे पाहिले, तेवढेच सांगते.

लग्नाच्या नात्याने ग्रीन कार्ड मिळते, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना मिळतो. पण लग्न लागले की कार्ड आपोआप मिळाले, असे नाही. प्रथम पतीने आय-१३० हा अर्ज करून नाते सिद्ध करावयाचे असते. पती अमेरिकन नागरिक असेल तर पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. तो स्वतः ग्रीन कार्डवर असेल तर मात्र मर्यादा आहे, आणि रांगेत उभे राहावे लागते. पत्नी भारतात असेल तर तिची मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होते. ती कायदेशीर रीतीने येथे आलेली असेल आणि तिची पाळी आलेली असेल, तर आय-४८५ हा अर्ज येथेच करता येतो.

आता आपल्या घरची अडचण पाहा. शाळेच्या दाखल्यावर मुलीचे माहेरचे नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचे, आणि हौसेने नाव बदलले असेल तर पासपोर्टावर तिसरेच! मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, ते वेगळेच. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. पण येथील अधिकाऱ्यास ही तीन निरनिराळी माणसे वाटतात. म्हणून नावबदलाचे राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. लग्नाची सरकारी नोंदणी करून घ्यावी. नुसत्या लग्नपत्रिकेने भागत नाही. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर व भाषांतरकाराचे सहीचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

लग्न खरे आहे, केवळ कार्डासाठी केलेले नाही, हेही दाखवावे लागते. बँकेचे खाते दोघांचे, घराचा भाडेकरार दोघांचा, विमा आणि कराचे विवरणपत्र दोघांचे, असे पुरावे चालतात. आणि येथेच आपल्या पुष्कळ मुली अडतात, कारण घरातील प्रत्येक कागदावर नाव एकट्या नवऱ्याचे असते! भगिनींनो, खात्यावर आपले नाव घालून घेणे म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. ठरवून झालेल्या लग्नाचा संकोचही बाळगू नये. कांदेपोह्यांच्या दोन भेटींत लग्न ठरले असेल तर तसेच सांगावे. खरे बोलणे हाच मुलाखतीतील सर्वांत मोठा आधार. खोटे लग्न दाखवणे हा गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कार्ड मिळतेवेळी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर १९८६ सालच्या कायद्याप्रमाणे कार्ड दोन वर्षांचेच मिळते. त्याची मुदत संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करावयाचा असतो. ही तारीख स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर ठळक लिहून ठेवा.

यापुढचे जे सांगणार आहे, ते जरा मन घट्ट करून ऐका. "सही करणार नाही, परत पाठवीन," असे बोलून बायकोला धाकात ठेवणारी घरे आपल्यातही आहेत. अशा एका मुलीचा पासपोर्ट सासूच्या कपाटात, लग्नाचा दाखला नवऱ्याच्या कचेरीत, आणि तिच्या हाती काही नाही, असे मी पाहिले आहे. तिला वाटे, मार सोसणे किंवा परत जाणे, एवढे दोनच मार्ग आहेत. तसे नाही. लग्न मनापासून केले होते आणि ते मोडले, किंवा घरात छळ झाला, तर पत्नीला आय-७५१ एकटीने करता येतो. पती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असून त्याने मुळात अर्जच केला नसेल, तरी १९९४ सालच्या कायद्याने छळ झालेल्या पत्नीला स्वतःचा अर्ज करण्याची मुभा दिली आहे, आणि तो नवऱ्याला कळवला जात नाही. त्या मुलीला हे वकिलीणबाईंनी समजावून सांगितले, तेव्हा ती प्रथमच खुर्चीवर ताठ बसली.

पत्नीच्या पोटापाण्याची हमी म्हणून पती जो आय-८६४ लिहून देतो, त्याचे बंधन घटस्फोटानेही आपोआप सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता वकिलाविषयी. आपल्याकडे नोटरी हा बहुधा वकीलच असतो. येथील नोटरी केवळ सहीची साक्ष घेतो. त्याला कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नाही. तो अधिकार वकिलाला, किंवा केंद्र सरकारच्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेतील प्रतिनिधीला असतो. अशा संस्था पुष्कळदा थोड्या खर्चात काम करतात. वकिलाचे नाव राज्याच्या वकील संघाच्या किंवा न्यायालयाच्या नोंदीत पाहून घ्यावे. फी लेखी ठरवावी, पावती घ्यावी, कोऱ्या अर्जावर सही करू नये. सरकारी अर्ज फुकट मिळतात. त्या कोऱ्या अर्जाचे कोणी पैसे मागू लागला तर उठून यावे. आणखी एक गोष्ट. पतीने नेमलेला वकील बहुधा दोघांचाही असतो. घरात बेबनाव असेल तर आपला वकील निराळाच हवा.

आय-४८५ चा अर्ज चालू असताना आईच्या आजारपणाचा फोन आला, तरी वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नका. एच किंवा एल व्हिसावाल्यांना काही सवलत आहे. इतरांनी आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात.

शेवटी मंडळाला एक विनंती. दर महिन्याच्या सभेनंतर अर्धा तास कागद पाहण्यासाठी राखून ठेवावा. नव्या मुलीने आपली पिशवी आणावी, जुन्या सभासदांनी तिच्याजवळ बसून काय आहे, काय नाही ते पाहावे, आणि अडेल तेथे चांगल्या वकिलाचा पत्ता द्यावा. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने एवढे करावे: आपला पासपोर्ट कोठे आहे ते पाहावे, आणि सर्व कागदांच्या नकला करून एक संच आपल्याजवळ व एक विश्वासू मैत्रिणीकडे ठेवावा. लग्नाची गाठ दोघांची असते. कागदांची किल्लीही दोघांकडे असावी.