कॅलेंडरवरची फुली

बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांची बाई केसपेपर हातात धरून डॉक्टरांसमोर बसते आणि म्हणते, "कसंतरीच होते जी. जीव घाबरते, रात्री झोप नाही." मागे रांग दारापर्यंत गेलेली असते. डॉक्टर रक्तदाब बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघतात, लोहाच्या गोळ्या आणि एखादं टॉनिक लिहून देतात. विचारलंच तर एक डॉक्टर म्हणतात, "वयाप्रमाणे व्हायचंच." दुसऱ्या दवाखान्यात ऐकायला मिळतं, "पाळी जायचं तुमचं वय कुठं झालंय?" एकाच बाईला, एकाच तक्रारीसाठी, ही दोन उलटी उत्तरं मिळतात, कारण दोन्हीकडे तिला पाळीच्या तारखा कोणी विचारलेल्याच नसतात. माझं म्हणणं असं, की पाळी जायला लागल्याचं पहिलं निदान बाईच्या सांगण्यातूनच होतं. ते सांगणं तारखांसकट आलं, तर ते झटकून टाकणं डॉक्टरांना जड जातं.

आधी वयाचा हिशेब करू. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं मानतात. पाश्चात्त्य पुस्तकांत तिचं सरासरी वय 51 दिलेलं असतं. भारतात ते साधारण 46-47 आहे. त्याआधीची चढउताराची चार-पाच वर्षं धरली, तर आपल्याकडे एकेचाळीस-बेचाळिसाव्या वर्षी बदल सुरू होणं अजिबात विचित्र नाही. हा बदल ओळखायची एक सोपी खूण जगभरच्या तज्ज्ञांनी 2011 मध्ये पुन्हा पक्की केली: लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडू लागला आणि तसं परत परत झालं, तर संक्रमण सुरू झालं. म्हणजे एकदा 27 दिवसांनी, मग 36 दिवसांनी, मग पुन्हा 26 दिवसांनी. पुढे साठ-साठ दिवसांचे खाडे पडू लागले, की शेवट जवळ आला. याला मशीन लागत नाही. स्वयंपाकघरात जे कॅलेंडर टांगलेलं असतं, ज्यावर दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली असते, त्याच्यावरच पाळीच्या पहिल्या दिवशी एक फुली मारायची. रक्तस्राव किती दिवस चालला, तेही आकड्यात. रात्री घामानं जाग आली, तर त्या तारखेवर टिंब. सहा महिन्यांची पानं डॉक्टरांसमोर ठेवली, की "कसंतरीच होते" या शब्दांना आकार येतो.

यावर सहज मनात येतं, की रक्त तपासून का नाही बघायचं? एफएसएच नावाच्या संप्रेरकाची तपासणी असते, लॅबवाले ती करूनही देतात. अडचण अशी, की या काळात अंडाशयाचं काम एखाद्या महिन्यात मंदावतं, पुढच्या महिन्यात पुन्हा नीट चालतं, आणि एफएसएचचा आकडाही तसाच वरखाली होतो. आज तो "नॉर्मल" आला म्हणून बाईची तक्रार खोटी ठरत नाही. म्हणूनच वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला लक्षणं स्पष्ट असतील, तर या तपासणीची सहसा गरज नाही, अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. चाळिशीच्या आतच पाळी लांबू लागली तर मात्र तपासणी हवीच. ती वेगळी अवस्था आहे. त्यात हाडं आणि हृदय जपण्यासाठी बहुधा संप्रेरकांचा उपचार द्यावा लागतो. पैसे खर्चायचेच असतील, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या दोन तपासण्या जास्त कामाच्या, कारण धडधड, थकवा, चिडचिड आणि पाळीची गडबड थायरॉइडनेही होते. पाळी लांबली असेल तर गर्भ राहिला नाही ना, हेही बघावं. या वयात तो राहू शकतो.

आपल्या वर्ध्यात आणखी एक आक्षेप हमखास येतो: उन्हाचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा अंगातून वाफा निघाल्या तर त्यात नवल काय? प्रश्न रास्त आहे. पण ऊन लागणं आणि पाळी जाताना येणारी वाफ यांची चाल वेगळी. ही वाफ अचानक येते. छातीत उठते, मानेवरून चेहऱ्यावर चढते, दोन-चार मिनिटांत घाम फोडून उतरते, आणि मागोमाग थंडी वाजते. मेंदूतलं तापमान राखणारं केंद्र इस्ट्रोजेनच्या चढउतारानं हळवं होतं, शरीर किंचित तापलं तरी ते घाम काढायला लावतं. सावलीत बसून, पाणी पिऊन ही वाफ थांबत नाही. आणि ती डिसेंबरातही येते. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे सगळं घर पांघरुणात असताना एकटीच बाई गोधडी फेकून उठून बसत असेल, तर दोष उन्हाकडे जात नाही. बरं, हे चार दिवसांत जाणारंही नाही. अमेरिकेत 1996 पासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा झाला. त्यात वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांना हा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त काळ झाल्याचं दिसलं, आणि ज्यांना तो पाळी नियमित असतानाच सुरू झाला, त्यांना त्याहून कितीतरी जास्त काळ. म्हणजे "थोडं सोसा" या सल्ल्याची खरी लांबी एवढी असते.

आता डॉक्टरांकडे वळू. मीही त्याच पेशातला असल्यानं जरा स्पष्ट बोलतो. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. दुखणं अंगावर काढणं हा बायकांचा स्वभाव आहे, असं आपण म्हणतो. माझ्या मते ती सवय त्यांना लावली जाते. आपली आरोग्यव्यवस्था बाईला गर्भारपणात आणि बाळंतपणात भेटते, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन होईपर्यंत तिच्या मागे असते, आणि बऱ्याच जणींचं ते ऑपरेशन पंचविशीच्या आसपासच उरकलेलं असतं. पुढची वीस वर्षं तिच्याकडे फिरकायचं कोणाला कारण उरत नाही.

आणि न ऐकण्याचं दुसरं टोक याहून महाग पडतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची 2019 मध्ये पाहणी झाली, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे मजुरी बुडण्याची भीती होती, कॅन्सरची दाखवलेली भीती होती, आणि पाळीच्या तक्रारीवर तोडगा म्हणून थेट ऑपरेशन सुचवणारे दवाखाने होते. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. "वयाप्रमाणे होतंच" म्हणणारा आणि "पिशवीच काढून टाका" म्हणणारा, दोघंही मधला प्रश्न टाळतात: अंगावरून किती जातंय, किती दिवस, कधीपासून? जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, संप्रेरक असलेली तांबीसारखी कॉइल आहे, लोह आहे. ऑपरेशन त्यांच्यानंतर.

ओपीडीत डॉक्टरांना तीन मिनिटंच मिळतात, हे खरं. म्हणूनच पहिलं वाक्य घरून ठरवून न्यावं: "सहा महिन्यांपासून पाळी कधी सव्वीस तर कधी छत्तीस दिवसांनी येते, आठवड्यातून चार रात्री घामानं जाग येते, दिवसा कामावर हात चालत नाही." आणि शेवटी विचारावं, "हे पाळी जायला लागल्यामुळं असेल का? नसेल, तर दुसरं काय, ते केसपेपरवर लिहाल का?" लिहावं लागलं, की माणूस थोडा विचार करतो. उपकेंद्रात समाधान झालं नाही, तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय किंवा वर्ध्याचं जिल्हा रुग्णालय इथे स्त्रीरोग विभाग आहेत. आष्टी-कारंज्याहून यायचं तर एक दिवसाची मजुरी जाते, तेव्हा कॅलेंडर विसरू नका.

नैसर्गिक गोष्टीला आजार कशाला बनवता, असंही विचारतात. बाळंतपणही नैसर्गिकच आहे, तरी आपण दवाखान्यात नेतो. गोळ्या सगळ्यांनाच लागत नाहीत. ज्यांना लागतात, त्यांना भीती असते संप्रेरकांनी कॅन्सर होण्याची. ती मुख्यतः 2002 च्या एका अमेरिकी अभ्यासानं पसरली, पण त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या यांचा इतिहास नसलेल्या बहुतेक स्त्रियांना फायदा धोक्याहून जास्त असतो. मात्र दर तासाला कापड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर वयाचं कारण कोणीही दिलं तरी ऐकू नका, तपासणी मागा.

ज्यांची पिशवी आधीच काढलेली आहे, त्यांच्या कॅलेंडरवर फुली पडणार नाही. त्यांना हा बदल वाफा, झोप आणि सांधेदुखीवरूनच ओळखावा लागेल. अंडाशयंही काढली असतील, तर हा बदल त्यांच्या बाबतीत एका दिवसात घडून गेलेला असतो. ऑपरेशनच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत कुठंतरी असेल. ते शोधून काढा आणि अंडाशयं ठेवली की काढली, हे त्यावरून डॉक्टरांकडून वाचून घ्या.